पंखरावांचा अधिकृत इतिहास

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी लिहायला-वाचायला शिकले होते. त्यामुळे त्यांचं नुकसान करायला बाहेरून शिकारी येण्याची गरज उरली नव्हती.

त्या जंगलात साळबा नावाचं एक साळिंदर राहायचं. साळबा लेखक होता. आता तुम्ही विचाराल, साळिंदर आणि लेखक? अरे, त्यात काय! पाठीवर काटे होतेच. एक उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा, की झाला लेखक. याहून कमी तयारीत पुष्कळ जण लेखक होतात. ही गोष्ट सांगणाराच बघा.

साळबा गंभीर लेखक होता. त्याने वारुळावर एक दीर्घकाव्य लिहिलं होतं. ते त्याने वारुळापाशी बसून मुंग्यांना वाचून दाखवलं. मुंग्या वारूळ सोडून गेल्या. साळबाला वाटलं, आपल्या शब्दांचा परिणाम झाला. तो झालाच होता.

ते काव्य शेवटपर्यंत ऐकणारा जंगलात एकच श्रोता निघाला. साळबाचा शेजारी, धोंडबा अस्वल. तो झोपलेला होता हे खरं, पण शेवटपर्यंत उठून गेला नाही.

त्याच जंगलात हसमुखराव तरस ‘पानगळ’ नावाचं साप्ताहिक चालवायचे. सागाच्या पानावर मजकूर लिहायचा, माकडांकडून त्याच्या नकला काढून घ्यायच्या आणि बाजाराच्या दिवशी वाटायच्या, असा तो उद्योग होता. हसमुखराव सारखे हसायचे. विनोद झाला म्हणून नव्हे. त्यांचा जबडाच तसा होता. त्यामुळे त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं.

एके दिवशी त्यांनी साळबाला बोलावलं.

“साळबा, वारूळ पुरे आता. चित्रांची गोष्ट लिही. मारामारी हवी. शेवटी चांगला जिंकायला हवा. आणि फार विचार नको.”

“माझ्या लेखनात विचार असतो,” साळबा मान ताठ करून म्हणाला.

“म्हणून तर आधीच सांगून ठेवलं,” हसमुखराव म्हणाले आणि हसले.

चित्रं काढायला पवळा खार होती. पवळाची शेपटी हाच तिचा कुंचला. शेपटी रसात बुडवून ती झाडं काढायची, डोंगर काढायची, डोळे तर असे काढायची की बघणाऱ्याला आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. फक्त तिला पाय जमत नसत.

“नायक साळिंदर असू दे,” साळबा म्हणाला. प्रत्येक लेखकाची पहिली कल्पना अशीच असते.

पवळाने साळिंदर काढलं. साळबाने पानाकडे पाहिलं.

“हे पाय आहेत की वडाच्या पारंब्या?”

“मग पाय नकोतच,” पवळा वैतागून म्हणाली. “त्याला हवेत ठेवते. उडणाऱ्याचे पाय मागे जातात.”

असं म्हणून तिने त्याला दोन मोठे पंख काढले. मग शेपटी झटकली. झटकताना रसाची करवंटी कलंडली आणि सगळा रस नायकाच्या तोंडावर सांडला. डोकं, नाक, कान सगळं काळंजांभळं झालं. दुसरं पान घ्यायला वेळ नव्हता. बाहेर माकडं नकलांसाठी खोळंबली होती.

साळबाने पटकन चित्राखाली लिहिलं, “याचा चेहरा आजवर कुणीही पाहिलेला नाही.” आणि नाव काय द्यावं ते न सुचल्यामुळे नाव दिलं, पंख्या.

तर बाळांनो, असा त्या महान वीराचा जन्म झाला. न जमणारे पाय, सांडलेला रस आणि घाई. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जंगलात हे कुणीच लक्षात ठेवणार नाही.

पहिल्या गोष्टीत पंख्याने पाणवठा अडवून बसलेल्या मगरीला शेपटीला धरून गरागरा फिरवलं आणि डोंगरापलीकडे फेकून दिलं. जंगल वेडं झालं. खऱ्या पाणवठ्यावर खरी मगर होतीच. ती त्या आठवड्यात जरा खालच्या आवाजात बोलली म्हणे.

पिल्लं पाठीला पळसाची पानं बांधून हिंडायला लागली. म्हातारी रानडुकरं संध्याकाळी ‘पंख्याने काय केलं’ यावर वाद घालायची. थोड्याच दिवसांत पंख्याचा पंखराव झाला. त्यानंतर पंखरावजी. मग श्री पंखरावजी महाराज. साळबा मात्र साळबाच राहिला. कुठे कुठे तर नुसता “तो काटेवाला.”

मग लोक विचारायला लागले, की पंखराव आले कुठून? त्यांचं कूळ कोणतं?

साळबाने याचा विचारच केला नव्हता. त्याने लिहून टाकलं, पंखराव घळीकाठी एका खडकावरच्या घरट्यात जन्मले.

दुसऱ्या दिवशी कावळे आले. “घरटं म्हणजे आमचं. शिवाय तोंड काळं आहे. महाराज कावळा होते, हे स्पष्ट लिहा. नाहीतर आमच्या भावना दुखावतील.”

कावळ्यांच्या भावना दुखावल्या की ते डोक्यावर येऊन बसतात. साळबाने लिहिलं.

मग वटवाघळं आली. त्यांचं म्हणणं, महाराज उलटे जन्मले. तेही साळबाने लिहिलं. मग गिधाडं आली. ती काही म्हणाली नाहीत. नुसती साळबाच्या दारासमोर बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. साळबाने कुणी न सांगताच लिहून दिलं, की पंखरावांचं आजोळ गिधाडांकडे होतं.

प्रत्येक वेळी पाठीवरचा एक काटा जायचा. साळबाला वाटायचं, आपण गोष्ट लिहितोय. तो खरं तर माफी लिहीत होता. पण पान वाटलं गेलं की बाजारात वाहवा व्हायची, आणि वाहवा कानावर पडली की लेखकाला आपली पाठ दिसत नाही.

मधे एकदा वाचक कमी झाले. हसमुखराव म्हणाले, “मारून टाक त्याला.”

साळबाने पंखरावांना धारातीर्थी पाडलं. जंगलात रडारड झाली. हरणांनी दिवसभर चारा तोंडात घेतला नाही. जंगलाचे राजे वाघोजी महाराज, त्यांनीसुद्धा सकाळचा फराळ टाळला. अंत्ययात्रा निघाली, रिकामीच. साळबाही गेला. आपल्यामुळे एवढे लोक रडतायत या विचाराने त्याला हुंदका आला. तो जरा पुढे सरकला, तर एक सांबर खेकसलं, “मागे हो. तू कोण घरचा?”

मग वाचक वाढले. हसमुखराव म्हणाले, “आता जिवंत कर.” साळबाने लिहिलं, की मेले ते पंखराव नव्हतेच. ते त्यांचे जुळे बंधू होते. यावर कुणीही शंका काढली नाही. उलट जुळ्या बंधूंची पुण्यतिथी सुरू झाली.

एवढा इतिहास साठल्यावर तो सांभाळायला कुणीतरी हवंच. घोरपडबाई पुढे आल्या. त्या जंगलातल्या मोठ्या विदुषी. एकदा मताला चिकटल्या की दोर लावून ओढलं तरी सुटत नसत. त्यांनी पंखराव इतिहास संशोधन मंडळ काढलं आणि सगळ्या कथा एकत्र बसवल्या. महाराज कावळ्याच्या घरट्यात, गिधाडांच्या आजोळी, उलटे जन्मले. घळीकाठचा एक खडक शोधून त्याला शेंदूर फासला गेला. जन्मशिळा.

साळबा दबकत त्यांच्याकडे गेला.

“बाई, ती घळ चुकून झाली. मला ‘तळीकाठी’ लिहायचं होतं. काटा अडकला आणि...”

घोरपडबाईंनी डोळे बारीक केले. “आपला या विषयाचा अभ्यास आहे?”

“मी त्याचा लेखक आहे.”

“तेच म्हणते मी. अभ्यास नाही.”

आता धोंडबाकडे येऊ.

धोंडबा अस्वल साधा जीव होता. त्याची धाकटी बहीण कोंडाबाई दरीपलीकडे दिलेली होती. दरीवर पूर्वी एक मोठं आडवं झाड होतं. त्यावरून येणं-जाणं चालायचं. एका वादळात ते दरीत कोसळलं, आणि उतारावर करवंदीच्या जाळ्या इतक्या दाट होत्या, की खालून वाट नव्हती. तेव्हापासून धोंडबा रोज कड्यावर जाऊन हाक मारायचा, “कोंडे, ए कोंडे!” पलीकडून कोंडाबाई काहीतरी ओरडायची. वारा शब्द घेऊन जायचा. धोंडबाला नुसता आवाज मिळायचा. त्यावरून ती बरी आहे की नाही ते तो ठरवायचा.

एकदा तो साळबाच्या दारात येऊन बसला. बराच वेळ जमीन उकरत राहिला.

“काय रे धोंडबा?”

“तू कावळ्यांसाठी लिहिलंस. वाघळांसाठी लिहिलंस. एकदा आमच्यासाठी लिही ना. पंखराव आधी अस्वल होता म्हणून.”

“तुला कशाला पाहिजे?”

“कशाला म्हणजे... आपल्यातलाही कुणी उडाला, एवढंच. बरं वाटेल मनाला.”

साळबाने त्या दिवशी मन लावून लिहिलं. पंखराव आधी एक जड, सुस्त, प्रेमळ अस्वल होते. एके सकाळी त्यांनी मोहाच्या झाडावरचा मध खाल्ला, उगवत्या सूर्याकडे तोंड केलं, आपल्या माणसाचं नाव घेतलं आणि भीती टाकून कड्यावरून झेप घेतली. झेप घेताच त्यांना पंख फुटले.

साळबाने आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं लिखाण होतं. कारण ते कुणाच्या भीतीने लिहिलेलं नव्हतं. आणि म्हणूनच, मुलांनो, ते सगळ्यात घातक निघालं.

बाजार होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पवळा धापा टाकत साळबाच्या बिळापाशी आली.

“धोंडबा कड्यावर उभा आहे. तोंडाला मध लागलाय.”

साळबा धावला. साळिंदर धावतं तेव्हा सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज होतो. कड्यावर पोचेपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला होता. धोंडबा अगदी काठावर, सूर्याकडे तोंड करून उभा.

“धोंडबा, मागे ये! मागे ये आधी!”

“साळबा, आलास? बरं झालं. बघ आता.”

“अरे, ते खोटं आहे! मी रचलंय. तू सांगितलंस म्हणून रचलं!”

धोंडबाने वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. उलट जरा कीव होती.

“तू रचलंस असं तुला वाटतं,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “तुला काय माहीत, लेका? तू नुसता लिहितोस. वाचतो आम्ही.”

आणि “कोंडे!” असं म्हणून त्याने उडी टाकली.

पंख फुटले नाहीत, हे सांगायला नकोच. करवंदीच्या जाळ्या मोडल्याचा आवाज आला. मग दगड गडगडले. मग खाली ओढ्यात धप्पकन काहीतरी पडलं. मग काहीच नाही.

साळबा काठावर बसून राहिला. त्याला रडूही येईना. पवळा त्याच्या बाजूला येऊन बसली. तिने शेपटी पोटाशी घट्ट धरली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. दरीपलीकडून एक किंकाळी आली. मग तिचंच हसणं झालं. मग कुणीतरी हसता हसता रडत होतं. पलीकडच्या काठावर कोंडाबाई उभी होती, आणि तिच्या गळ्यात पडलेला, चिखलाने माखलेला, एक पंजा उचलून धरलेला धोंडबा.

झालं होतं ते असं. जाळ्यांनी त्याला झेललं, उतारावरून तो गडगडत ओढ्यात गेला, पाण्यात दिशा चुकली आणि घाबरून तो भलत्याच बाजूला चढला. पंजा मोडला. जीव वाचला. बहीण भेटली.

तोवर या काठावर गर्दी जमली होती.

“उडाला!” एक माकड ओरडलं.

“पडला!” साळबा ओरडला.

“मग पलीकडे कसा पोचला?” माकडाने विचारलं. यावर गर्दी इतकी खूश झाली, की साळबाचं उत्तर कुणी ऐकलंच नाही.

पंजा जरा बरा झाल्यावर धोंडबा परत आला. मोडलेल्या जाळ्यांमधून तो लंगडत दरी उतरला, ओढा ओलांडला आणि हळूहळू चढून वर आला. म्हणजे दरी चालत पार करता येते, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. पण कुणी त्याला येतानाचं विचारलंच नाही. सगळे जातानाचं विचारत होते.

मग मंडळाने जाहीर केलं, की येत्या पंखराव जयंतीला कड्यावरून सामुदायिक उड्डाण होईल. जयंत्या वर्षातून चार होत्या. सगळ्यात जवळची धरली. सशांनी नावं दिली. हरणांनी दिली. एक म्हातारी मुंगशीण तीन नातवंडांना घेऊन उडणार होती. मोहावरचा मध संपला, म्हणून लोक नुसती झाडाची साल चाटून ठेवायला लागले.

बाजाराच्या दिवशी साळबा दगडावर चढला. आयुष्यात पहिल्यांदाच न लिहिता बोलला.

“ऐका! पंखराव नाहीत. ते मी आणि पवळाने केले. पाय जमले नाहीत म्हणून पंख काढले. रस सांडला म्हणून तोंड काळं. कृपा करून कुणी उडी मारू नका!”

एक ससा हळूच बायकोला म्हणाला, “महाराजांचं तोंड काळं म्हणाला.”

एवढं पुरलं.

साळबाला धरून वाघोजी महाराजांपुढे उभं केलं. सगळं जंगल जमलं. साळबाच्या पाठीवर आता मोजके काटे उरले होते. तो सोललेल्या नारळासारखा दिसत होता.

घोरपडबाई म्हणाल्या, “महाराज, या इसमाचा दावा आहे, की पंखरावांना याने निर्माण केलं. पंखराव डोंगरापलीकडे मगर फेकतात. याला स्वतःचं बीळ उकरताना धाप लागते. एवढा मोठा वीर एवढ्याशा डोक्यातून कसा निघेल?”

साळबाला मनातून हे पटलं. त्यालाही ही शंका अधूनमधून यायची.

पवळाची साक्ष झाली. “चित्र मी काढलं,” ती म्हणाली. “हा बघा शेपटीला डाग.”

“भक्तिभावाने लावला असेल,” घोरपडबाई म्हणाल्या.

हसमुखरावांना विचारलं. ते हसले. “आम्ही काय, नुसती पानं वाटतो. मजकूर वरून येतो.” वर म्हणजे कुठे, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं.

शेवटी धोंडबाला बोलावलं. तो लंगडत आला. साळबाने त्याच्याकडे आशेने पाहिलं. धोंडबाची मान खाली होती.

“धोंडबा,” साळबा म्हणाला, “तू तरी सांग. खाली काय झालं ते सांग.”

“साळबा, तुझ्यावर माझा जीव आहे,” धोंडबा हळू आवाजात म्हणाला. “पण पंखराव खोटा ठरला, तर मी उडालो नाही असं होतं. नुसता पडलो असं होतं. कोंडीने सगळ्या सासरच्यांना सांगितलंय, माझा भाऊ उडून आला. तिला मी काय सांगू?”

खरं सांगायचं तर साळबाला त्या क्षणी धोंडबाला मिठी मारावीशी वाटली. पण साळिंदराने मिठी मारायची नसते.

वाघोजी महाराजांनी जांभई दिली आणि निकाल दिला.

“पंखराव आणि साळबा, दोघांपैकी एकच खरा असू शकतो. पंखरावांना जंगलातल्या सगळ्यांनी पानावर पाहिलेलं आहे. साळबाचं चित्र कुणी पाहिलंय?”

कुणीच पाहिलं नव्हतं.

“तर मग साळबा हे पात्र काल्पनिक आहे. पंखरावांची थोरवी उठून दिसावी म्हणून कुणीतरी ते रचलेलं दिसतं. फारसं जमलेलं नाही. काल्पनिक पात्राला शिक्षा देता येत नाही, त्यामुळे सभा संपली.”

“महाराज, मी इथे उभा आहे!” साळबा ओरडला.

“कुणीतरी काही बोललं का?” महाराजांनी विचारलं.

“नाही महाराज,” सगळे म्हणाले.

जयंती तोंडावर आली. साळबा बिळात पडून होता. नसण्याचे काही फायदे होते. कावळे डोक्यावर बसायचे थांबले. पण कड्याच्या बाजूने ढोल ऐकू यायचे, आणि त्याला ती नातवंडांची मुंगशीण आठवायची.

पवळा आत आली. तिने सागाचं एक कोरं पान त्याच्यापुढे टाकलं.

“खरं बोलून बघितलंस ना?”

“बघितलं.”

“झालं समाधान? आता तुला येतं ते कर.”

“काय येतं मला?”

“थापा मारता येतात, दुसरं काय? ऊठ.”

साळबा उठला. त्याने काटा उपटला. दुखलं. मग त्याने लिहिलं. पवळाने चित्र काढलं. कड्याच्या टोकावर पंखराव, पंख पसरलेले, डोळे असे की बघणाऱ्याचं पाऊल मागे सरावं. खाली मजकूर होता, “भक्तांनो, उडण्याचा मान एकट्या माझा आहे. जो माझ्यादेखत उडी मारेल, तो माझी बरोबरी करेल आणि माझ्या कोपास पात्र होईल. माझ्यावर खरी श्रद्धा असेल त्याने धोंडबाने मोकळ्या केलेल्या वाटेने, हळूहळू, दगड बघून उतरावं. लहानांना पोटाशी धरावं. चालणं हीच माझी पूजा.”

लेखकाचं नाव नव्हतं. असतं तरी आता चाललं नसतं.

हसमुखरावांनी पान वाचलं. क्षणभर, मुलांनो, ते हसायचे थांबले. मग त्यांनी माकडांना हाक मारली.

जयंतीच्या सकाळी सगळं जंगल कड्यावर रांगेत उभं होतं. साळबा एका झुडपाआड होता. नसलेल्याला खरं म्हणजे आडोशाची गरज नव्हती, पण नसण्याची त्याला अजून सवय झाली नव्हती. सगळ्यात पुढे एक तरणा ससा होता. त्याने डोळे मिटले. तेवढ्यात माकडं पानं घेऊन आली.

घोरपडबाईंनी पान मोठ्याने वाचलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. रांगेत चुळबुळ झाली. मग तो ससा कड्यापासून दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, “मला आधीपासून हेच वाटत होतं.”

सगळ्यांनाच आधीपासून हेच वाटत होतं. सगळे वाटेला लागले. मुंगशिणीने नातवंडांना एकेक करून खाली दिलं. ओढ्यात पाणी गुडघाभर होतं. पलीकडे कुणाच्या मावश्या भेटल्या, कुणाचे व्याही भेटले. एक सांबर आपल्या जुन्या मित्राला भेटून इतकं रडलं, की त्याला पुन्हा ओढ्यात नेऊन तोंड धुवावं लागलं. घोरपडबाई उतारावर घसरल्या आणि घाबरून एका खडकाला अशा चिकटल्या, की त्या खडकालाही पुढे शेंदूर लागला.

कुणीही मेलं नाही. वाटेला ‘श्री पंखरावजी महाराज पूजापथ’ असं नाव पडलं. लगेचच कावळ्यांचं निवेदन आलं, की पायी चालण्याला पूजा म्हटल्याने पंखवाल्यांच्या भावना दुखावल्या आहेत. ते कुणाकडे द्यायचं हे त्यांना कळेना, कारण लेखक नव्हता.

साळबा घरी आला. वाटेत एक हरीण त्याच्यावर आदळलं आणि “इथे काटेरी झुडूप कधी उगवलं?” असं म्हणून निघून गेलं. तो बिळासमोर बसला. आपण एवढे जीव वाचवले, हे त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. सांगितलं असतं, तर ते सगळे परत कड्यावर गेले असते. म्हणून तो गप्प बसला.

थोड्या वेळाने धोंडबा लंगडत आला. हातात पानाचा द्रोण होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाही असं पाहून तो साळबाच्या शेजारी टेकला. बराच वेळ खाकरला.

“साळबा, तू नाहीस हे मला मान्य आहे,” तो म्हणाला. “महाराजांचा निकाल आहे. त्याबाहेर मी नाही.”

“हं.”

“पण जेवलास का?”

साळबा जेवला नव्हता. धोंडबाने द्रोण पुढे सरकवला. त्यात उकडलेले करांदे होते, रानातले कंद, अजून वाफाळलेले.

“कोंडीने पाठवलेत. मी म्हटलं, तिकडे कुणी नाहीये. तर म्हणाली, नसू दे, दोन जास्त ने.”

साळबाने एक करांदा उचलला. गरम होता. त्याचे डोळे पाणावले, ते गरम करांद्यामुळे, असं त्याने ठरवलं. धोंडबाही खाऊ लागला. मधेच त्याने साळबाच्या उघड्या पाठीकडे पाहिलं आणि आपला धडधाकट पंजा हळूच तिच्यावर ठेवला. आता तिथे टोचण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तात्पर्य : लेखकाने खरं बोलण्याच्या फंदात पडू नये. त्याला त्याचा सराव नसतो आणि ऐकणाऱ्यांनाही नसतो. कुणाचा जीव वाचवायचाच असेल, तर बसून, मन लावून, चांगली थाप लिहावी. आणि आपण नाहीच आहोत हे एकदा सर्वानुमते ठरलं, की वाद न घालता जेवायला बसावं.